सल्ला न देणारा समुपदेशक

ठाण्याच्या खोपटमध्ये सल्ल्याची टंचाई कधीच नव्हती. एसटी डेपोसमोर चहा घेता घेता, सिद्धेश्वर तलावापाशी संध्याकाळी बसल्या बसल्या, सोसायटीच्या लिफ्टमध्ये चार मजले चढेपर्यंतही कोणीतरी कोणाला तरी काय करायला हवं ते सांगत असतं. रिडेव्हलपमेंटच्या कागदांवर सही करावी का, मुलाला सायन्सला घालावं का, बत्तीस वर्षांच्या मुलीचं जमत नाही तर कुठल्या देवाला जाऊन यावं, सगळ्याला उत्तर तयार. हे सल्ले वाईट मनाने दिलेले नसतात आणि त्यातले निम्मे तरी चुकीचेही नसतात. पण सल्ला घेऊन घरी परतलेला माणूस पुष्कळदा आधीपेक्षा जास्त एकटा असतो. त्याला जे सांगायचं होतं, ते पहिल्या दोन वाक्यांनंतर राहूनच गेलेलं असतं.

व्यक्तिकेंद्रित समुपदेशन या राहून गेलेल्या बोलण्यासाठी आहे. समुपदेशकाकडे जावं की नाही अशा विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि जे एकदा जाऊन आले, पण ‘ते काही सांगतच नाहीत हो, नुसतं ऐकतात, आणि त्याचे पैसे घेतात’ असं म्हणत पुन्हा गेलेच नाहीत, त्यांच्यासाठी तर जास्तच.

ही पद्धत कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. जन्म 1902 चा, मृत्यू 1987 चा. 1928 पासून बारा वर्षं त्याने रॉचेस्टर या शहरात ‘बिघडलेल्या’ मुलांसाठी चालणाऱ्या एका संस्थेत काम केलं. तिथे एक आई आपल्या दांडगट मुलाला घेऊन येत असे. मुलगा लहान असताना आईने त्याला मनापासून स्वीकारलं नव्हतं, हे मूळ रॉजर्सच्या ध्यानात आलं होतं. बऱ्याच भेटींमध्ये, अतिशय हळुवारपणे, त्याने ते तिला पटवून द्यायचा प्रयत्न केला. काही उपयोग होईना. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की आता थांबू या. ती निघाली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही तपासता का? रॉजर्स हो म्हणाला. ती परत येऊन खुर्चीत बसली आणि आपल्या संसाराची सगळी दुर्दशा तिने ओतून टाकली. आधी नोंदवलेल्या कोरड्या माहितीशी त्याचा फारसा संबंध नव्हता. रॉजर्स पुढे लिहितो की खरे उपचार त्या क्षणी सुरू झाले, आणि कालांतराने मुलगाही सुधारला. कुठे दुखतंय, कुठल्या दिशेने जायचं आणि कुठला अनुभव आत दाबून ठेवलाय, हे त्या माणसालाच ठाऊक असतं, हा धडा त्याने त्यातून घेतला. तोपर्यंतचा रिवाज उलटा होता. तज्ज्ञाने निदान करायचं आणि समोरच्याने ऐकायचं.

1942 साली त्याने एका माणसाबरोबरचे सगळे संवाद ध्वनिमुद्रित करून पुस्तकात शब्दशः छापले. उपचाराच्या बंद खोलीत प्रत्यक्षात काय बोललं जातं, ते त्या काळी कोणी बाहेर दाखवत नसे. 1957 साली त्याने एक निबंध लिहिला. माणूस बदलण्यासाठी समोरच्या माणसात काय हवं, याचं उत्तर त्यात होतं आणि ते इतकं साधं होतं की अनेक तज्ज्ञांना ते बालिश वाटलं. समुपदेशक खरा असावा, मुखवटा घालून बसलेला नसावा. त्याने समोरच्याला कुठलीही अट न घालता स्वीकारावं. आणि समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून जसं दिसतं तसं समजून घ्यावं, ज्याला आपल्याकडे समानुभूती म्हणतात. समोरच्यापर्यंत हे पोचलं की बाकीचं काम तो स्वतः करतो, असा रॉजर्सचा दावा. त्याच्या लहानपणाचा उत्तरार्ध शेतावर गेला होता. तळघरात हिवाळ्यासाठी साठवलेल्या बटाट्यांना अंधारातही फिकट, लांबलचक कोंब फुटतात आणि वरच्या झरोक्याकडे सरकत राहतात, हे त्याने लहानपणी पाहिलं होतं. माणसाच्या वाढीबद्दल बोलताना तो त्या कोंबांचं उदाहरण देई.

‘ठाण्याला पाठवा’

आपल्या गावाची यातली अडचण जुनी आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं. मुंबईपासून कोकणापर्यंत ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालला, जसा पुण्याकडे येरवड्याचा चालला. त्याची किंमत ठाणेकरांनाही मोजावी लागली. मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे ‘तिकडे’ जायचं, ही समजूत घरात आपोआप येऊन बसली.

आणि याच शहरात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, सुरू केली. ‘सुदृढ मन सर्वांसाठी’ हे तिचं घोषवाक्य. परीक्षेची भीती, नवरा-बायकोची धुसफूस, निवृत्तीनंतरचं रिकामपण यासाठीही मदत घेता येते, त्यासाठी ‘वेडं’ असावं लागत नाही, हे ठाण्यातल्या मध्यमवर्गाला या संस्थेने पटवलं. संस्थेच्या ‘वेध’ परिषदांनी तेच शाळा-कॉलेजांपर्यंत नेलं. आज खोपट, पाचपाखाडी, उथळसर या पट्ट्यात समुपदेशनाच्या पाट्या दिसतात, त्यामागे हे तीन-साडेतीन दशकांचं काम आहे असं माझं मत.

मात्र महाराष्ट्रात लोकप्रिय झालेली पद्धत रॉजर्सची नव्हे, अल्बर्ट एलिस या दुसऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. कि. मो. फडके यांनी एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती आयुष्यभर शिकवली, अंजली जोशी यांनी एलिसच्या आयुष्यावर ‘मी अल्बर्ट एलिस’ लिहिलं, नाडकर्णींच्या लेखनातून आणि व्याख्यानांतून ती घराघरांत गेली. ती मराठी स्वभावाला मानवलीही. आपल्याला वाद घालायला आवडतं, आणि एलिस तुमच्या अविवेकी विचारांशी वादच घालतो. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रशिक्षणपटात ग्लोरिया नावाची एकच स्त्री रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या तिघा उपचारकांशी वेगवेगळी बोलते. मानसशास्त्राचे विद्यार्थी तो अजून पाहतात. एलिस सांगत सुटतो. रॉजर्स जवळजवळ काहीच सांगत नाही. ग्लोरिया उत्तर मागते, तेव्हा तो तिला टाळत नाही, पण तिचा प्रश्न तिच्याच हातात राहील याची काळजी घेतो.

यातलं कुठलं चांगलं? ब्रिटनमध्ये शेफिल्डला नैराश्याच्या 510 रुग्णांवर दोन पद्धतींची तुलना झाली, ती ‘लॅन्सेट सायकायट्री’त 2021 साली छापून आली. एका बाजूला विचार-वर्तन उपचार, म्हणजे एलिसच्या कुळातली पद्धत, आणि दुसऱ्या बाजूला व्यक्तिकेंद्रित अनुभवाधारित समुपदेशन. सहा महिन्यांनी दोन्हींचा गुण सारखाच निघाला. वर्षभराने मात्र विचार-वर्तन उपचार थोडे सरस दिसले. म्हणजे ‘नुसतं ऐकणं’ हा औषधाशिवायचा टाइमपास नाही, आणि प्रत्येक दुखण्यावरचा एकमेव इलाजही नाही. माझा ठोकताळा असा. एकट्याने लोकलमध्ये चढायची भीती वाटते, हात पुनःपुन्हा धुवावेसे वाटतात, अशी तक्रार नेमकी असेल तर नेमकी तंत्रं शिकवणारा माणूस शोधा. ‘सगळं ठीक आहे, पण मी कुठे आहे तेच कळत नाही’ अशी तक्रार असेल तर रॉजर्सच्या वाटेने जाणारा शोधा.

त्या खोलीत होतं काय

हे उदाहरण कल्पित आहे, पण असा माणूस तुमच्या मजल्यावरही असेल. कोलबाडला राहणाऱ्या सेहेचाळीस वर्षांच्या एक बाई. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. नवरा आणि मुलगा सकाळी लोकलने जातात, रात्री येतात.

“तक्रार अशी काही नाही हो. सगळं व्यवस्थित आहे. फक्त हल्ली संध्याकाळी बेल वाजली की छातीत धस्स होतं.”

शेजारीण असती तर म्हणाली असती, “अगं, बीपी चेक कर. आणि आईंसाठी एक बाई ठेवून टाक, तुझं तू बघ.” दोन्ही सूचना शहाण्याच. पण संभाषण तिथेच संपलं असतं. समुपदेशक म्हणते,

“सगळं व्यवस्थित आहे म्हणताय, आणि तरी बेल वाजली की धस्स होतं.”

“हो ना. येतात घरचेच. हे येतात, मुलगा येतो. मग माझी ड्युटी सुरू.”

“घरचे आले की ड्युटी सुरू.”

“दिवसभरही ड्युटीच असते म्हणा. पण तेव्हा आई आणि मी, दोघीच. त्यांचा डोळा लागला की मी खिडकीत बसते. काही करत नाही, नुसती बसते. तेवढा वेळ माझा. बेल वाजली की तो संपतो.”

“म्हणजे भीती वाटते ती त्यांची कमी आणि तुमचा तो वेळ जाण्याची जास्त, असं काही आहे का?”

“भीती?... नाही. भीती नाही ती. राग येतो मला. बघा, हे मी आज पहिल्यांदा बोलतेय.”

समुपदेशकाने इथे आपल्या पदरचं फारसं काही घातलेलं नाही. पहिल्या वाक्यात तिने बाईंच्या बोलण्यातल्या दोन विसंगत गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, इतकंच. तिसऱ्या वेळी तिने अंदाज केला आणि तो प्रश्न म्हणून पुढे केला. तो चुकला. पण चूक दुरुस्त करता करताच बाईंना त्यांचा स्वतःचा, नेमका शब्द सापडला. ‘भीती’ म्हणून ज्याच्यावर त्या कदाचित गोळी घेऊन बसल्या असत्या, तो राग होता. राग आहे हे कळल्यावर तो कोणावर, कशासाठी, त्याचं काय करायचं, हे पुढच्या भेटींमध्ये येईल. ‘तुम्ही चिडलेल्या आहात’ असं समुपदेशकाने पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं, तर बाई म्हणाल्या असत्या, “छे हो, मी कशाला चिडू? माझीच माणसं आहेत.” आणि ते त्यांच्या परीने खरंही असतं.

याची एक वाईट नक्कलही बाजारात मिळते, तिच्यापासून सावध राहा. तुम्ही जे बोलाल त्याच्यामागे ‘म्हणजे तुम्हाला वाईट वाटतंय’ एवढं लावून परत फेकायचं. ते व्यक्तिकेंद्रित नव्हे. आपल्या पद्धतीचं असं तंत्र करून टाकलेलं पाहून पुढे रॉजर्सलाही त्याचा वैताग आला होता. फरक ओळखायची खूण सोपी आहे. चांगल्या समुपदेशकाचं वाक्य ऐकून तुम्ही ‘हो, आणि...’ किंवा ‘नाही, तसं नाही, खरं म्हणजे...’ असं म्हणत पुढे बोलता. नक्कल करणाऱ्याचं वाक्य ऐकून तुम्ही ‘हो’ म्हणून गप्प बसता.

जाण्याआधी, गेल्यावर

पहिला फोन करताना आजार काय ते सगळं सांगायची गरज नाही. चार-पाच गोष्टी मात्र निःसंकोच विचारा. शिक्षण काय, कुठल्या पद्धतीने काम करता, फी किती, भेट किती वेळाची (साधारण 45 ते 60 मिनिटं असते) आणि ऐन वेळी रद्द झाली तर पैसे भरावे लागतात का. शिक्षण विचारलं म्हणून रागावणारा समुपदेशक तुमच्या कामाचा नाही. आपल्याकडे ‘कौन्सेलर’ अशी पाटी एखादा छोटा ऑनलाइन कोर्स करूनही लावली जाते, त्यामुळे हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. मानसशास्त्रात एम. ए. किंवा समुपदेशनाचं रीतसर प्रशिक्षण, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली केलेलं काम, याची चौकशी करा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक मागता येतो. गोळ्या लिहून द्यायचं काम मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे वैद्यकीय पदवी घेतलेल्या सायकायट्रिस्टचं. समुपदेशक गोळ्या सुचवू लागला तर उठून या.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने उपचारांतली गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तुम्ही काय बोललात ते तुमच्या नवऱ्याला, सासऱ्यांना, बॉसला कळता कामा नये, अगदी फी त्यांनी भरली असली तरी. याला अपवाद आहेत आणि चांगला समुपदेशक ते पहिल्याच भेटीत सांगतो. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर त्याला कोणाला तरी कळवावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं समजलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे.

ऑनलाइन भेट घेणार असाल तर जागेचा विचार आधी करा. वन-बीएचकेमध्ये चार माणसं, त्यात एकाचं वर्क फ्रॉम होम, दुसऱ्याची सिरियल. अशा घरात ‘मला माझ्या आईचा राग येतो’ हे वाक्य आई ओट्याशी उभी असताना उच्चारणं अशक्य. लोक पार्किंगमधल्या गाडीत बसून बोलतात, गच्चीवर जातात, कोणी मैत्रिणीच्या घराची किल्ली मागून घेतं. यात लाजण्यासारखं काही नाही. जागा मिळतच नसेल तर प्रत्यक्ष भेटच घ्या. कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत एक तास बसायला मिळणं, हीच काही जणांसाठी पहिली मदत असते.

पहिल्या भेटीत काय बोलायचं? तयारी करून जाऊ नका. ‘कुठून सुरुवात करू ते कळत नाही’ ही उत्तम सुरुवात आहे. मध्येच शांतता पसरली तर ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. आपल्याला पाहुण्यांसमोर गप्प बसायची सवय नसते, म्हणून ते अवघड जातं. रडू आलं तर येऊ द्या. काहीच घडलं नाही असं वाटलं तर तेही तसंच बोला, ‘आज मला काहीच मिळालं नाही असं वाटतंय’ असं. व्यक्तिकेंद्रित समुपदेशकाला हे वाक्य अपमानास्पद वाटत नाही, त्याच्या दृष्टीने कामाची तीच वस्तू. ‘तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?’ हेही खुशाल विचारा. तो सरळ उत्तर देणार नाही कदाचित, पण टोलवाटोलवी करतोय की तुमच्याबरोबर त्या प्रश्नात उतरतोय, ते तुम्हाला कळेल. तीन-चार भेटींनंतर स्वतःला एकच प्रश्न विचारा, या माणसासमोर मी घरच्यापेक्षा कमी अभिनय करतो का? उत्तर नाही असेल तर माणूस बदला. त्यात कृतघ्नपणा नाही.

घरी आल्यावर ‘मग काय सांगितलं त्यांनी?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘काही नाही, मीच बोललो’ एवढं उत्तर पुरे आहे.

वाढ झाली की घर हलतं

या पद्धतीवर आपल्याकडून घेतला जाणारा मुख्य आक्षेप मला गंभीर वाटतो. हे सगळं ‘मी, माझं, मला’ अमेरिकेत ठीक, आमच्याकडे माणूस एकटा नसतो, त्याच्यामागे आई-वडील, कर्ज, बहिणीचं लग्न, देवघर सगळं असतं. स्वतःला ओळखायला निघालेली सून घर सोडून जाईल, मुलगा इंजिनीअरिंग सोडून गिटार वाजवेल. ही भीती बोलून दाखवली जात नाही, पण फी द्यायला जी टाळाटाळ होते, तिच्यामागे ती असते.

रॉजर्सचं म्हणणं असं की लहानपणी आपल्याला प्रेम मिळतं ते बहुधा अटींवर. नंबर आणलास तर, उलटं बोलला नाहीस तर, मुलगी असून शहाण्यासारखी वागलीस तर. मूल त्या अटी हळूहळू स्वतःच्याच करून टाकतं आणि पुढे चाळिशीतही त्याच अटींवर स्वतःला माफ करतं किंवा नाकारतं. माणूस जसा आहे आणि त्याला जसं असायला हवं होतं, यात फट पडते. ती जितकी मोठी तितकी घुसमट जास्त. समुपदेशनात त्या अटी उजेडात येतात. आल्यावर त्या फेकून द्यायच्याच असं मुळीच नाही. कोलबाडच्या त्या बाई कदाचित ठरवतील की सासूबाईंचं मीच करणार. फरक इतकाच की आधी तो नाइलाज होता, आता तो निर्णय असेल. निर्णय असल्यामुळे त्याला मर्यादाही घालता येतील, जसं की गुरुवारी दुपारी चार तास नवरा किंवा नणंद घरी थांबेल आणि मी बाहेर जाईन. कर्तव्य सोडायला लावणारी ही पद्धत नाही. कर्तव्याच्या आड लपून कुढणं मात्र ती अवघड करते.

आणि हो, घरच्यांना याचा त्रास होतो. कायम ‘चालेल’ म्हणणारी व्यक्ती ‘मला नाही चालणार’ म्हणू लागली की घरातल्या सगळ्यांची मांडणी बदलते. ‘त्या बाईकडे जायला लागल्यापासून बिघडलीय’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. पहिले काही महिने तुमचा ‘नाही’ जरा मोठ्या आवाजात येईल, सवय नसते म्हणून. तो पुढे खाली येतो. बदलाच्या खुणाही बाहेरून फार नाट्यमय नसतात. ‘सगळे म्हणतात’ऐवजी ‘मला वाटतं’ येऊ लागतं. जुन्या अपमानाची गोष्ट सांगताना मध्येच हसू येतं. रविवारी कोणाकडे जायचं नाही हे कारण न शोधता सांगता येतं.

घरात मारहाण होत असेल तर मात्र हा सगळा हळुवार प्रवास नंतर. आधी सुरक्षितता. महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक आहेत. मारणाऱ्याला ‘समजून घ्यायला’ मार खाणारीला समुपदेशनाला पाठवणं हा अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास होतो.

जिथे हे पुरत नाही

रात्री-रात्री झोप नाही, आठवडेच्या आठवडे अन्नावरची वासना उडालेली, कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी कट करताहेत असा पक्का संशय, दारू अचानक बंद केल्यावर हात थरथरतात आणि भास होतात. अशा वेळी आधी मनोविकारतज्ज्ञ, मग समुपदेशक. रॉजर्सने स्वतः 1957 नंतर विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर आपली पद्धत वापरून पाहिली होती. 1967 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष एकूणात निराशाजनक निघाले. ज्या रुग्णांना समानुभूती खरोखर लाभली त्यांची प्रगती बरी दिसली, पण आजारावरचा इलाज म्हणून ते पुरेसं नव्हतं. त्याने ते छापलं, ही त्याची थोरवी. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहेत, तिथे सरकारी दरात तपासणी होते. ‘तिकडे’ जाण्याची लाज जिवापेक्षा मोठी नसते.

जीव देण्याचे विचार मनात येत असतील तर पुढच्या मंगळवारच्या भेटीची वाट पाहू नका. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, क्रमांक 14416. दिवसरात्र, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

फी परवडत नाही म्हणून काहीच करायचं नाही असं मात्र समजू नका. आयपीएचसारख्या संस्था, कॉलेजांतले समुपदेशन कक्ष, मानसशास्त्र विभागांचे प्रशिक्षणार्थी, यांच्याकडे फी कमी असते किंवा सवलत मागता येते. मागा. शिकाऊ समुपदेशक वाईटच असतो असं नाही. तो पुष्कळदा जास्त लक्ष देऊन ऐकतो, आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवणारा कोणीतरी असतो.

घरातल्या कोणाला मदतीची गरज आहे असं वाटतंय आणि ती व्यक्ती जायला तयार नाही, तर तिला ढकलू नका. रॉचेस्टरची ती आई मुलासाठी आली होती आणि गरज तिला होती. ठाण्यातही दहावी-बारावीच्या मुलांना घेऊन येणाऱ्या कित्येक पालकांचं तेच असतं. मुलगा येत नसेल तर त्याच्यासाठी घेतलेली वेळ रद्द करू नका. त्या वेळेला तुम्ही स्वतः जा.